धातूंची क्रियाशीलता श्रेणी सोळा नळ्यांत कशी मांडायची, आणि तिच्यावरून दगडातला धातू कसा ओळखायचा

पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, कथील, शिसं, तांबं, पारा, चांदी, सोनं. सर्वांत क्रियाशील धातूपासून सर्वांत मंद धातूपर्यंतची ही यादी बहुतेकांना परीक्षेपुरती पाठ असते आणि पेपर झाला की विसरते. खरं तर ती पाठ करायची गरजच नाही. ‘हा धातू त्या धातूला त्याच्या क्षारातून हुसकावून लावतो का?’ हा एकच प्रश्न धातूंच्या जोड्या बदलून विचारत गेलं की श्रेणी आपोआप मांडली जाते. भूकवचात वजनाने सुमारे ८ टक्के असलेलं ॲल्युमिनिअम १८२५ पर्यंत धातूच्या रूपात कुणाच्या हाती का लागलं नाही आणि सोनं मात्र नदीच्या वाळूत जसंच्या तसं का सापडतं, याचं उत्तरही त्याच श्रेणीत आहे.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, कारण पुढे ते वारंवार येणार आहे. हा प्रयोग फसतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा दोष धातूच्या स्वभावाचा नसतो, त्याच्या अंगावरच्या सालीचा असतो. ऑक्साइडचा थर, तेलाचा हात, जस्ताचा मुलामा, वार्निश. साल उतरवली की धातू खरं बोलतो.

चार धातू आणि त्यांचे सापळे

मॅग्नेशिअम, जस्त, लोखंड आणि तांबं असे चार धातू घ्या. श्रेणीत ते एकमेकांपासून पुरेसे लांब आहेत, त्यामुळे निकाल डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

मॅग्नेशिअम फितीच्या रूपात मिळतं. साधारण ३ मिलिमीटर रुंदीच्या १ मीटर फितीचं वजन ग्रॅमभर भरतं, म्हणजे ५ सेंटिमीटरचा तुकडा ०.०५ ग्रॅमचा. जुनी फीत करडी, मळकट दिसते. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चांदीसारख्या चमकेपर्यंत घासायच्या.

जस्ताची पट्टी घ्या. दाणेही चालतात, पण ते घासणं कटकटीचं असल्यामुळे पट्टीच बरी.

लोखंडासाठी साधा काळपट खिळा हवा. चकचकीत पांढरट खिळ्यावर जस्ताचा मुलामा असतो. असा खिळा वापरला तर तुम्ही लोखंडाची नाही, जस्ताची परीक्षा घेत असता आणि निकाल एक पायरी वर सरकतो. स्टेनलेस स्टीलही नको, त्याच्यावरचा क्रोमिअम ऑक्साइडचा थर सहज दाद देत नाही. काळ्या खिळ्यावर कारखान्यातलं तेल असतं. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग घासा.

तांब्यासाठी विजेच्या वायरचं प्लास्टिक सोलून निघालेली तार उत्तम. मोटारच्या वाइंडिंगची तार मात्र घेऊ नका. ती उघडी, लालसर दिसते, पण तिच्यावर पारदर्शक वार्निश असतं आणि ती कशालाच प्रतिसाद देत नाही. काही वायरींतल्या तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या, रुपेरी असतात. त्याही बाजूला ठेवा.

द्रावणं

सगळी द्रावणं एकाच तीव्रतेची, ०.२ मोलर (लिटरमागे ०.२ मोल) ठेवायची. तीव्रता वेगवेगळी असली तर वेगातला फरक धातूमुळे पडला की द्रावणामुळे, हे कळत नाही.

मोरचूद, म्हणजे स्फटिकरूप कॉपर सल्फेट, ७.५ ग्रॅम घेऊन १५० मिलिलिटर द्रावण करा. हे जास्त लागतं, कारण पुढच्या दोन प्रयोगांतही वापरायचं आहे. बाकी तिन्ही द्रावणं ५० मिलिलिटर पुरेत. त्यासाठी झिंक सल्फेट २.९ ग्रॅम, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट २.८ ग्रॅम आणि मॅग्नेशिअम सल्फेट म्हणजे एप्सम सॉल्ट २.५ ग्रॅम घ्या. ही वजनं स्फटिकजलासह आहेत. निर्जल, पांढरी भुकटी वापरलीत तर हे आकडे लागू पडणार नाहीत.

पाणी डिस्टिल्ड घ्या. नळाच्या जड पाण्यात मोरचूद गढूळ होऊ शकतो. हिराकसचं पाणी आधी उकळून, झाकून गार करायचं, म्हणजे त्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. वर सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब घाला. एवढी काळजी घेऊनही हे द्रावण दुसऱ्या दिवशी पिवळट तपकिरी होतंच, म्हणून ते त्याच दिवशी करा आणि त्याच दिवशी वापरा. पिकलेल्या पेरूच्या सालीसारखा रंग आलेला हिराकस टाकून द्या. त्यात फेरिक आयन झालेले असतात आणि ते तांब्यालाही विरघळवतात, म्हणजे तांबं लोखंडाहून क्रियाशील आहे असा उलटा भास होतो.

मोरचूद पोटात गेला तर विषारी आहे आणि डोळ्यांना झोंबतो. गॉगल घाला, हात धुवा, स्वयंपाकाची भांडी वापरू नका.

नळ्या भरणं

परीक्षानळ्या चार ओळींत चार-चार लावा. ओळ धातूची, रकाना द्रावणाचा. प्रत्येक नळीवर आधी चिठ्ठी लावा आणि मग भरा. झिंक सल्फेट आणि मॅग्नेशिअम सल्फेट दोन्ही पाण्यासारखी पारदर्शक असतात, एकदा अदलाबदल झाली की ओळखता येत नाहीत.

प्रत्येक नळीत ५ मिलिलिटर द्रावण घ्या. धातू घासल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत नळीत टाका, बोटांनी न धरता चिमट्याने. मॅग्नेशिअमची फीत ५ सेंटिमीटर घेऊन सैल गुंडाळा. हा आकडा उगाच नाही. ५ मिलिलिटर मोरचुदात ०.०६ ग्रॅम तांबं असतं, ते पूर्ण बाहेर काढायला ०.०२४ ग्रॅम मॅग्नेशिअम लागतं, आणि शिवाय थोडं मॅग्नेशिअम पाण्याशीच क्रिया करून वाया जातं. २ सेंटिमीटरची फीत टाकली तर ती संपून जाते, द्रावण निळंच राहतं आणि ‘क्रिया अर्धवट झाली’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कर्णावरच्या चार नळ्या, म्हणजे जस्त जस्ताच्याच क्षारात, लोखंड हिराकसमध्ये वगैरे, अनेक जण रिकाम्या सोडतात. सोडू नका. तुलनेसाठी त्याच उपयोगी पडतात. हिराकसमधल्या खिळ्याभोवती तपकिरी गाळ दिसला तर तो हवेमुळे झालेला गंज आहे हे कळतं, आणि तसाच गाळ झिंक सल्फेटच्या नळीत खिळ्यावर दिसला तर त्याला कुणी विस्थापन, म्हणजे एका धातूने दुसऱ्याला हुसकावणं, समजत नाही.

नोंद तीनदा करायची: १ मिनिटाने, १५ मिनिटांनी आणि १ तासाने.

नळ्यांत काय दिसतं

मोरचुदातला खिळा नीट जवळून पाहण्यासारखा असतो. दहा-पंधरा सेकंदांत बुडालेल्या भागावर गुलाबी छटा चढते. मिनिटाने बाहेर काढला तर पाण्याच्या रेषेवर लख्ख सीमा दिसते, वर काळं लोखंड आणि खाली तांबूस. बोटाने पुसला तर ही साय निघून येते. पंधरा मिनिटांनी थर जाड आणि खरखरीत होतो, त्याचे पापुद्रे सुटून तळाशी बसतात. निळा रंग मात्र हट्टी असतो, तो फिका हिरवट व्हायला काही तास, कधी अख्खी रात्र लागते. कारण खिळ्यावर बसलेलं तांबंच आतल्या लोखंडाची वाट अडवतं. घाई असेल तर खिळ्याऐवजी साबण नसलेलं स्टील वूल वापरा, पृष्ठभाग वाढतो आणि रंग पाहता पाहता उतरतो.

मोरचुदातलं जस्त लगेच काळं पडतं आणि इथे हमखास गोंधळ होतो. ‘तांबं लाल असतं, हे काळं काय आलं?’ ते तांबंच. कण इतके बारीक आणि सच्छिद्र बसतात की उजेड आत जिरतो, परतत नाही. थोड्या वेळाने त्याच काळ्या मखमलीवर लालसर पुंजके दिसू लागतात. हा गाळ गाळणकागदावर घेऊन चमच्याच्या पाठीने घासला की तांब्याची चमक येते.

मॅग्नेशिअम मोरचुदात फसफसतं, नळी हाताला गरम लागते. हे बुडबुडे विस्थापनाचे नव्हेत. मोरचुदाचं द्रावण मुळात थोडं आम्लधर्मी असतं, त्यातून हायड्रोजन सुटतो. दोन्ही क्रिया एकाच वेळी चाललेल्या असतात. झिंक सल्फेटमध्येही मॅग्नेशिअमवर बुडबुडे आणि करडा थर येतो, हिराकसमध्ये काळा थर येतो.

सगळ्यात अवघड वाचन हिराकसमधल्या जस्ताचं. रंग फारसा बदलत नाही, क्रिया सावकाश चालते. तासाभराने पट्टीवर करडा-काळा लेप येतो. तो खरवडून कागदावर घ्या आणि कागदाखालून चुंबक फिरवा. कण चुंबकामागे धावले की ते लोखंड. एवढी एक नळी नीट वाचता आली की बाकीच्या सोप्या.

आता मोजा. मॅग्नेशिअमने तीन क्षारांतून धातू बाहेर काढले, जस्ताने दोन, लोखंडाने एक, तांब्याने एकही नाही. तीन, दोन, एक, शून्य: झाली श्रेणी तयार. पाचवा धातू म्हणून चांदी बसवायची असेल तर ०.१७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट २० मिलिलिटर पाण्यात घेऊन त्यात घासलेली तांब्याची तार सोडा. तारेवर चांदीची सुईदार लव उगवते आणि रंगहीन द्रावण हळूहळू निळसर होतं, म्हणजे तांबं चांदीच्या वर. इथे नळाचं पाणी अजिबात चालत नाही. त्यातल्या क्लोराइडमुळे दुधासारखा साका येतो आणि चांदी त्यातच अडकते. हातमोजे घाला, या द्रावणाचे काळे डाग त्वचेवर कित्येक दिवस राहतात.

ॲल्युमिनिअमचं सोंग

श्रेणीत ॲल्युमिनिअम जस्ताच्या वर आहे. पण घासलेली ॲल्युमिनिअमची पट्टी किंवा फॉइल मोरचुदात टाका आणि बघत बसा. बराच वेळ काहीच होत नाही. हवेत उघडं पडताच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर त्याच्यावर तयार होतो आणि कितीही घासलं तरी पुन्हा क्षणात येतो. त्या पापुद्र्याआड धातू गप्प बसतो.

त्याला बोलतं करायला मीठ पुरतं. ५० मिलिलिटरच्या चंचुपात्रात २० मिलिलिटर मोरचुदाचं द्रावण आणि ५ बाय ५ सेंटिमीटर फॉइलचा सैल बोळा घ्या. दोन मिनिटं थांबून ‘काही होत नाही’ याची खात्री करा. मग १ ग्रॅम मीठ टाकून ढवळा. आधी एखाद्या कडेला लाल ठिपका उमटतो, मग बुडबुडे येतात, फॉइलला भोकं पडतात, द्रावण गरम होतं आणि काही मिनिटांत फॉइलच्या जागी तपकिरी-लाल चिखल उरतो. क्लोराइड आयन ऑक्साइडच्या थराला जागोजागी भेगा पाडतात आणि एकदा आत शिरकाव झाला की धातू आपल्या खऱ्या पायरीप्रमाणे वागतो. हायड्रोजन सुटत असतो, म्हणून जवळ ज्योत नको. पात्र झाकूही नका.

खिडक्यांच्या चौकटी आणि विमानांचे पत्रे ज्या धातूचे करतात तो क्रियाशीलतेत लोखंडाच्याही वर आहे, ही विसंगती या पापुद्र्यामुळेच खपते. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, गळून पडतो आणि आतलं लोखंड उघडं पाडतो. ॲल्युमिनिअमचा ऑक्साइड धातूला घट्ट चिकटून बसतो.

नुसता क्रम नको, आकडे हवेत तर

थर्माकोलच्या कपात २५ मिलिलिटर मोरचुदाचं द्रावण घ्या, तापमान नोंदवा, धातू टाका, ढवळत राहा आणि सर्वांत जास्त तापमान टिपा. जस्ताची किंवा लोखंडाची पूड १ ग्रॅम, मॅग्नेशिअम ३० सेंटिमीटर फीत बारीक कापून. सगळं तांबं बाहेर आलं आणि उष्णता अजिबात वाया गेली नाही असं धरलं तर वाढ मॅग्नेशिअमला सुमारे २५ अंश, जस्ताला १० आणि लोखंडाला ७ अंश सेल्सिअस यायला हवी. प्रत्यक्षात जस्त-लोखंडाचे आकडे थोडे कमी येतात, कारण काही उष्णता कप आणि थर्मामीटर खातात. काचेच्या पात्रात आणखी कमी. लोखंडाचा आकडा फारच कमी आला तर पूड गंजलेली आहे. मॅग्नेशिअमची पूड वापरू नका, क्रिया उसळते.

दुसरा मार्ग मल्टिमीटरचा. गाळणकागदाची पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवून तिच्या एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला तपासायचा धातू दाबून धरा. जस्ताला ०.७ व्होल्टच्या आसपास, लोखंडाला ०.३ च्या आसपास, मॅग्नेशिअमला १.३ किंवा पुढे आकडा दिसतो. पुस्तकातला जस्त-तांबं घटाचा १.१० व्होल्ट इथे मिळत नाही, कारण तो दोन्ही धातू आपापल्या क्षारांच्या १ मोलर द्रावणात असतानाचा आहे. ॲल्युमिनिअम या परीक्षेतही जस्ताच्या खाली घसरतं. पुन्हा तीच साल.

श्रेणीचं वरचं टोक

सोडिअम आणि पोटॅशिअमची विस्थापनाने परीक्षा घेता येत नाही. मोरचुदाच्या द्रावणात सोडिअम टाकलं तर ते तांब्याकडे बघतच नाही, आधी पाण्यावर तुटून पडतं. तांबं मिळण्याऐवजी कॉपर हायड्रॉक्साइडचा निळा साका मिळतो. म्हणून या धातूंचा क्रम पाण्याशी होणाऱ्या क्रियेवरून लावतात. हा प्रयोग प्रयोगशाळेतच, काचेच्या पडद्याआड करायचा, आणि तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाच घ्यायचा. सोडिअम पाण्यावर तरंगतं, ९८ अंशांना वितळून त्याची गोळी होते आणि ती पृष्ठभागावर सुसाट फिरते. पोटॅशिअम जांभळट ज्योतीने पेटतं. कॅल्शिअम आधी बुडतं, मग अंगावर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटले की वर येतं. मॅग्नेशिअमला गार पाण्यात फार वेळ लागतो. गरम पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब टाकून घासलेली फीत सोडली तर फितीभोवती गुलाबी ढग धरतो. लोखंड लालभडक तापवून त्याच्यावरून वाफ सोडली तरच क्रिया होते. तांबं वाफेलाही बधत नाही.

इथे एक गोष्ट खटकते ती सांगायला हवी. विद्युत विभवाच्या कोष्टकात लिथिअम उणे ३.०४ व्होल्टसह सगळ्यांच्या वर आहे, पण पाण्यात ते पोटॅशिअमपेक्षा कितीतरी शांत वागतं. ते १८१ अंशांना वितळतं, त्यामुळे पाण्यावर गोळी होऊन ताजा पृष्ठभाग उघडा पडत नाही. कोष्टक सांगतं ते क्रियेची ओढ किती आहे ते. क्रिया किती झपाट्याने होईल हे त्यात नसतं. दोन पुस्तकांत श्रेणीचा क्रम वेगळा दिसला तर बहुधा कारण हेच.

धातू आम्लातून हायड्रोजन सोडतो का, या आम्लाच्या परीक्षेवर भिस्त ठेवताना तीन अपवाद लक्षात ठेवा. हायड्रोजनच्या वरचे धातू तो सोडतात, खालचे नाही. शिसं हायड्रोजनच्या किंचित वर असूनही हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लात थांबून जातं, कारण त्याचे हे क्षार विरघळत नाहीत आणि कवच धरतात. अतिशुद्ध जस्त सौम्य आम्लात कमालीचं मंद असतं. मोरचुदाचा एक थेंब टाकला की जस्तावर तांब्याचे ठिपके बसतात, चिमुकले घट तयार होतात आणि बुडबुडे धो धो सुटतात. आणि नायट्रिक आम्ल या परीक्षेला वापरूच नका. ते स्वतःच ऑक्सिडीकारक असल्यामुळे हायड्रोजनऐवजी नायट्रोजनची ऑक्साइडं देतं. तांबंही त्यात विरघळतं, आणि तीव्र नायट्रिकमध्ये लोखंड व ॲल्युमिनिअम उलट निष्क्रिय होतात.

श्रेणीवरून दगडाकडे

ज्या धातूची इलेक्ट्रॉन सोडायची घाई जास्त, तो निसर्गात एकटा राहू शकत नाही. सोडिअम आणि पोटॅशिअम सैंधवासारख्या क्लोराइडांत व सिलिकेटांत, कॅल्शिअम चुनखडीत, मॅग्नेशिअम डोलोमाइटमध्ये आणि समुद्राच्या पाण्यात, ॲल्युमिनिअम बॉक्साइटमध्ये. मधल्या फळीतले जस्त आणि शिसं मुख्यतः सल्फाइडांत, लोखंड ऑक्साइडांत. तळाचे सोनं आणि प्लॅटिनम मुक्त रूपात. चांदी आणि तांबं उंबरठ्यावरचे, दोन्ही रूपांत मिळतात. उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपीरिअरच्या काठच्या किवीनॉ द्वीपकल्पात शुद्ध तांब्याचे मोठमोठे गठ्ठे सापडले, पण जगातलं बहुतेक तांबं कॅल्कोपायराइटसारख्या सल्फाइडांतूनच येतं. मुक्त लोखंड सापडलं तर ते बहुधा उल्केचं असतं आणि त्यातलं निकेल ती ओळख पटवतं.

मात्र श्रेणीकडून नको तेवढी अपेक्षा करू नये. धातू मुक्त असेल की संयुगात, हे ती सांगते. ऑक्साइड की सल्फाइड, हे नाही. कथील लोखंडाच्या खाली असूनही कॅसिटेराइट या ऑक्साइडात मिळतं. गंधकाची ओढ कुणाला जास्त, हा वेगळा हिशेब आहे.

हातातल्या दगडात कोणता धातू आहे हे बघायला आधी कस काढा. ग्लेझ नसलेल्या पांढऱ्या टाइलच्या खरखरीत बाजूवर दगडाचा ताजा तुटलेला कोपरा दाबून ओढा. उमटणाऱ्या पुडीचा रंग दगडाच्या रंगापेक्षा विश्वासू असतो. हेमॅटाइट (लोखंडाचं ऑक्साइड) काळा असो की लाल, कस लालसर तपकिरीच. मॅग्नेटाइटचा (हेही लोखंडाचं ऑक्साइड) कस काळा आणि चुंबक त्याला ओढतो. गॅलेनाचा (शिशाच्या सल्फाइडचा) कस शिशासारखा करडा. दगड हातात घेताच अनपेक्षित जड लागतो, विशिष्ट गुरुत्व ७.५, आणि फुटताना चौकोनी ठोकळे पडतात. तो हाताळल्यावर हात धुवायचे. पायराइट (लोखंडाचं सल्फाइड) सोन्यासारखं पिवळं चमकतं, पण कस हिरवट काळा. सोन्याचा कस पिवळाच. सुई टोचली तर सोन्यात खळगा पडतो, पायराइटवर सुई नुसती घसरते. दगडाची कठिनता मोह्स मापनावर ७ च्या आसपास किंवा पुढे असेल तर कस उमटतच नाही, उलट टाइलच खरवडली जाते. तिची पांढरी पूड म्हणजे दगडाचा कस नव्हे.

मग कार्बोनेटसाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. कॅल्साइट (चुनखडीतलं कॅल्शिअम कार्बोनेट) लगेच फसफसतं. डोलोमाइट मुकाट बसतं, त्याची पूड केली की हळूहळू बुडबुडे येतात. हिरवं मॅलेकाइट, म्हणजे तांब्याचं कार्बोनेट, फसफसतं आणि थेंब हिरवा होतो. हा दगड हाती लागला तर पुढचा प्रयोग सोडू नका, कारण श्रेणी आणि खनिज इथे एकाच पात्रात भेटतात.

१ ग्रॅम मॅलेकाइटची मैद्यासारखी पूड करा. दगड नसेल तर प्रयोगशाळेतलं बेसिक कॉपर कार्बोनेट घ्या, रासायनिकदृष्ट्या ते मॅलेकाइटच्या अगदी जवळचं. त्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० मिलिलिटर थोडं थोडं घाला. तीव्र आम्लापासून ते करायचं असेल तर ९० मिलिलिटर पाण्यात साधारण ८.५ मिलिलिटर तीव्र आम्ल ओता आणि मग १०० पर्यंत पाणी भरा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. फेस थांबल्यावर हिरवट निळं द्रावण गाळून घ्या आणि त्यात ०.७ ग्रॅम स्टील वूल टाका. अर्ध्या तासात तंतूंच्या जागी तांब्याचा गाळ दिसतो. शुद्ध मॅलेकाइटमध्ये ५७ टक्के तांबं असतं, म्हणून ०.५७ ग्रॅमपेक्षा जास्त वजन भरलं तर गाळात लोखंड शिल्लक आहे. दगड फसफसला नाही आणि आम्ल रंगहीन राहिलं तर तो मॅलेकाइट नाही, रंगवलेला किंवा दुसराच हिरवा दगड आहे. खाणींत कमी प्रतीच्या धातुकातून मिळालेल्या तांब्याच्या द्रावणातून भंगार लोखंड वापरून तांबं काढत आले आहेत, ते याच रीतीने.

कार्बनची जागा

श्रेणीत कार्बन घुसवायचा झाला तर तो ॲल्युमिनिअम आणि जस्त यांच्यामध्ये बसतो. ही एक रेषा धातुशास्त्राचे दोन भाग करते. खालचे धातू कोळशाने सुटतात. वरच्यांना वीज लागते. म्हणूनच हम्फ्री डेव्हीला सोडिअम आणि पोटॅशिअम १८०७ मध्ये विद्युत अपघटनाने वेगळे करता आले, आणि ॲल्युमिनिअम स्वस्त व्हायला १८८६ ची हॉल-एरू पद्धत यावी लागली, ज्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनिअम ऑक्साइड) सुमारे ९५० अंशांना वितळलेल्या क्रायोलाइट या फ्लोराइड क्षारात विरघळवतात आणि त्यातून वीज सोडतात. जस्त रेषेच्या जेमतेम खाली, आणि त्याची वेगळीच अडचण. कोळशाने सुटतं तेव्हा भट्टी त्याच्या ९०७ अंश उत्कलनबिंदूच्या वर गेलेली असते, त्यामुळे ते वाफ होऊन निसटतं आणि हवेत पुन्हा ऑक्साइड होतं. ती वाफ बंद भांड्यात थंड करण्याची युक्ती साधल्यावरच जस्त हाती आलं.

रेषेच्या खालची बाजू आगकाडीवरही दाखवता येते. काडीचं टोक पाण्यात बुडवा, धुण्याच्या सोड्यात लोळवा, मग लाल फेरिक ऑक्साइडमध्ये लोळवा. चिमट्यात धरून बर्नरच्या ज्योतीत अर्धी काडी काळी होईपर्यंत जाळा. पूर्ण राख होऊ देऊ नका, कोळसा उरला तरच क्षपण होतं, म्हणजे ऑक्साइडातला ऑक्सिजन काढून घेतला जातो. गार झाल्यावर काळा भाग कागदात चुरडा आणि खालून चुंबक फिरवा. काळे कण सरकतात. हे सगळं लोखंडच असेल असं नाही, अर्धवट क्षपणाने बनलेलं मॅग्नेटाइटही चुंबकाला लागतं. म्हणून सुरुवातीची लाल पूड चुंबकाला चिकटत नाही ना, हे आधी तपासून घ्या.

तांब्यासाठी कठीण काचेच्या नळीत २ ग्रॅम काळं कॉपर ऑक्साइड आणि त्याच्यावर, न मिसळता, कोळशाच्या पुडीचा थर. हिशेबाने ०.१५ ग्रॅम कार्बन पुरतो, पण ०.३ ग्रॅम घ्या. पाच ते सात मिनिटं कडक तापवा आणि पूर्ण गार होईपर्यंत नळी हलवू नका. दोन थर जिथे भेटतात तिथे काचेतून तांबूस कडा दिसते. गरम असतानाच ओतून पाहिलं तर हवा लागून तांबं पुन्हा काळं पडतं, आणि मग प्रयोग फसला असं वाटतं.

उरलेलं द्रावण

मोरचुदाचं पाणी नाल्यात ओतू नका, माशांना आणि शेवाळाला ते घातक असतं. सगळी निळी द्रावणं एका बरणीत जमा करून त्यात स्टील वूल टाका आणि निळेपणा जाईपर्यंत एक-दोन दिवस ठेवा. वरचं फिकट हिरवं पाणी म्हणजे हिराकस, ते भरपूर पाण्यात पातळ करून टाकता येतं. सिल्व्हर नायट्रेट यात मिसळू नका, ते वेगळ्या बाटलीत तांब्याच्या तारेसह ठेवलं की चांदी परत मिळते. तळाच्या तांब्यात लोखंडाचे तंतू उरलेले असतात. त्यावर थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. लोखंड विरघळून जाईल आणि तांबं तसंच राहील. बुडबुडे थांबले की गाळा, दोनदा पाण्याने धुवा आणि लगेच वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. ओलं राहिलं तर रात्रीतून तपकिरी-काळं पडतं.